दोन व्याह्यांचा कालवा

बबिताचं माहेर रेणी नदीच्या डाव्या काठावर, नांदूरझऱ्यात, आणि सासर उजव्या काठावर, कोळपिंपरीत. दोन गावांत अंतर इतकं थोडं की माहेरी लाऊडस्पीकरवर बारसं सुरू झालं की सासरी बसून बाळाचं नाव कळायचं. रेणीला मोठ्या पावसानंतर चार दिवस पाणी, बाकी वर्षभर ती गाडीवाट. केजला जाणाऱ्या जीपगाड्या तिच्या कोरड्या पात्रातूनच आडव्या जायच्या, आणि त्यातली एक जीप बबिताच्या नवऱ्याची, अंगदची होती.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण दोन्ही घरांत शब्दाला शब्द कधी लागला नव्हता. माया होती म्हणून नव्हे, रीत होती म्हणून. तिचे वडील सुग्रीव मोठ्या आवाजाचे. एकदा पंचायत समितीला उभे राहून पडले होते, तरी गाव त्यांना सभापतीच म्हणायचं आणि तेही ओ द्यायचे. सासरे आश्रुबा याच्या अगदी उलट. बोलायच्या आधी उपरणं झटकायचे, पुन्हा खांद्यावर टाकायचे, आणि तोवर समोरच्याचं निम्मं म्हणणं गळून पडलेलं असायचं. दोघेही आपापल्या गावात हुकूम सोडणारे, पण एकमेकांसमोर आले की लोण्यासारखे मऊ. तिकडं व्याह्याला इवाई म्हणतात. "बसा इवाई", "आधी तुमी बसा इवाई" असं करता करता दोघेही उभेच राहायचे आणि चहावर साय धरायची.

अशात बातमी आली की नदीच्या वरच्या अंगाला, दोन डोंगरांच्या चिमट्यात, सरकार तलाव बांधणार. पाटबंधारे खात्याची माणसं दुर्बिणी घेऊन आली, गायरानाच्या खडकाळीत लाल झेंड्या रोवून गेली. बुडणारी जमीन बहुतेक गायरानच होती, त्यामुळं तलावाविषयी कुणाची तक्रार नव्हती. सटवा धनगरानं फक्त मेंढरं कुठं चारायची एवढं विचारलं. त्याला डोंगराच्या पलीकडचं रान मोकळं राहणार असं सांगितल्यावर तोही गप्प बसला. खरा प्रश्न पुढं होता. तलावातून निघालेलं पाणी जायचं कुठं?

ते सांगायला सायली मॅडम आल्या. खात्यातल्या तरुण इंजिनिअर, उन्हानं रापलेल्या, बोलायला मोकळ्या. कोळपिंपरीच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही गावं बसवून त्यांनी नकाशा भिंतीला टांगला आणि सरळ सांगितलं, की तलावात पाणी बेताचं. एकच कालवा काढला तर तो त्या काठाच्या पार शेवटापर्यंत जाईल, मात्र दुसरा काठ कोरडा राहील. दोन्ही काठांना काढायचे तर दोन्ही अर्ध्या वाटेवर थांबतील. कोणतं हवं ते दोन्ही गावांनी मिळून ठरवावं. पोळ्यानंतरच्या सुनावणीत एकमत दिसलं नाही, तर हा आराखडा मागं पडेल आणि शेजारच्या खोऱ्याचा पुढं जाईल.

सुग्रीव ताबडतोब उठले. म्हणाले, आमच्या इवायाच्या गावाला पाणी मिळालं म्हणजे आमालाच मिळालं. आश्रुबांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, तसं न्हाई, लेकीच्या माहेराला आधी. टाळ्या झाल्या. सायली मॅडमनी नकाशा गुंडाळताना बाजूच्या माणसाला विचारलं, की इतकं सोपं असतं का इथं सगळं? तो माणूस नुसता हसला.

बबिता घरी पोचली नसेल, तोच तिच्या मोबाइलवर बापाचा आवाज आला. बोलून पाठवलेला निरोप, लांबलचक. "सांग तुझ्या सासऱ्याला. डाव्या काठाची जमीन काळी हाय, पाणी धरून ठेवती. त्यांच्या मुरमाडात पाणी सोडणं म्हंजी चाळणीत दूध वतणं. इवाई म्हणून मी तोंडावर काय बोललो न्हाई."

तिनं तो ऐकून फोन खाली ठेवला, तर आश्रुबा दारात उभे. तेही उपरणं झटकून म्हणाले, "तुज्या बापाला जरा कळव बरं का. सभापती सभेत गोड बोलतेत, पर उजवा काठ सखल हाय. पाणी आपसूक येतंय. डाव्या काठाला न्यायचं म्हंजी पाण्याला शिडी लावावी लागंल."

त्या दिवसापासून बबिता दोन्ही काठांच्या मधली तार झाली. दोघांनाही एकमेकांना एक अक्षर वाकडं बोलायचं नव्हतं, आणि दोघांच्याही पोटात तर वाकड्या अक्षरांशिवाय काही नव्हतं. ती सगळी बबिताकडं यायची.

पहिला निरोप तिनं जसाच्या तसा सांगायचं ठरवलं होतं. पण आश्रुबा जेवायला बसले होते, भाकरीचा तुकडा हातात होता, आणि चाळणीत दूध ओतणं हे शब्द तिच्या जिभेवर येईनात. ती म्हणाली, "बप्पा म्हणत होते, जमिनीचा विचार करून ठरवावं." आश्रुबा म्हणाले, बरोबर हाय त्यांचं. आणि शांतपणे जेवले. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. तिकडं बापाला तिनं सांगितलं, "मामा म्हणाले, उताराचा विचार करावा." सुग्रीव म्हणाले, शहाणा माणूस हाय, करू की.

अशी सवय लागली. चाळून, पाखडून, खडे वेचून ती निरोप पोचवायची. शिडीचं कौतुक झालं, मुरमाडाची काळजी झाली. एका निरोपात सुग्रीवांनी व्याह्याच्या सगळ्या गावाला आळशी म्हटलं होतं, ते पलीकडं 'कोळपिंपरीची माणसं शांत' असं होऊन पोचलं. आश्रुबांना ते इतकं आवडलं की त्यांनी चार माणसांत सांगितलं.

हे सगळं चुलीशी बसून ऐकणारी एक व्यक्ती होती, तिची सासू छबुबाई. एक दिवस भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "आज काय काय गाळलंस?"

बबिताचा हात थांबला. छबुबाईनं मान वर न करता आणखी दोन शेंगा मोडल्या. मग म्हणाली, की घाबरू नको, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? तुझा सासरा नि त्याचा थोरला भाऊ कधी एका वाटणीवर बसले असते का? फक्त एक लक्षात ठेव, जितकं गाळशील तितकं ध्यानात ठेवावं लागतं. मी मागं एकदा विसरले होते तर दिराला मेव्हण्याच्या नावानं शिव्या मिळाल्या.

ध्यानात ठेवायचा प्रसंग लवकरच आला. दुपारची वेळ होती. बबिता पीठ मळत होती, हात भरलेले, म्हणून बापाचा निरोप तिनं कोपरानं दाबून चालू केला. फोन मोठ्यानं वाजायला लागला, आणि नेमके आश्रुबा पाणी प्यायला आत आले. सुग्रीवांचा आवाज घुमत होता. "...त्या म्हाताऱ्याचं आता वय झालंय. त्याला काय कळतंय? नुसतं उभं राहतंय, मुंडी हलवतंय. दावणीला बांधून ठिवा म्हणावं..."

बबितानं पिठाच्या हातानंच फोन बंद केला. आश्रुबांच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हललं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हातारा कोण?"

"बैल," बबिता म्हणाली. "बप्पांचा जुना बैल. लई थकलाय."

आश्रुबा पाणी प्याले. त्यांचा चेहरा उतरला. बैलावर त्यांचा जीव होता, स्वतःच्या असो की दुसऱ्याच्या. म्हणाले, बांधून ठेवलं तर आणखी खचंल, रोज थोडं फिरवावं. छबुबाई पदर तोंडाला लावून परसात निघून गेली.

पंचाईत अशी, की सुग्रीवांकडं बैलच नव्हता. ट्रॅक्टर घेतल्यापासून गोठ्यात दोन शेळ्या आणि मोटरसायकल, एवढंच. दोन दिवसांनी आश्रुबा सरकी पेंडीचं पोतं घेऊन अंगदच्या जीपनं नदी ओलांडून गेले. बबिताही सोबत गेली, जाणं भागच होतं. ओट्यावर बसल्या बसल्या आश्रुबांनी मायेनं विचारलं, "म्हातारा कसा हाय आता?"

सुग्रीवांनी इकडं तिकडं पाहिलं. कोण म्हातारा, ते त्यांना उमगलं नाही. पण व्याही विचारतोय आणि आपल्याला माहीत नाही असं कसं म्हणायचं? ते म्हणाले, "बरा हाय की."

"खातोय ना?"

"लई खातोय."

"फिरवा त्याला रोज."

सुग्रीव म्हणाले, फिरवतो. पोतं ओट्याच्या कडेला ठेवलं गेलं. आश्रुबांनी गोठ्याकडं जाऊन बघू का म्हटलं, तेव्हा बबितानं घाईनं सांगितलं की आता झोपला असेल. आश्रुबा गेल्यावर सुग्रीवांनी पेंडीच्या पोत्याकडं बोट दाखवून विचारलं, "हे कावून आणलं गं त्यांनी?" ती म्हणाली, शेळ्यांना. सुग्रीव हेलावले. एवढ्या शत्रुत्वात शेळ्यांची आठवण ठेवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण बबिताला हसू येईना. पोळा जवळ येत होता. शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांनी एकमतानं ठराव केल्याची बातमी अंगदनं केजहून आणली. इकडं डाव्या काठानं पूर्ण डावा कालवा हवा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या आणि उजव्या काठानं पूर्ण उजवा. अर्धा कुणालाच नको होता, आणि त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. सुग्रीवांची वस्ती आणि त्यांच्या बाजूची माणसं डाव्या काठाच्या अगदी शेवटाला. आश्रुबांचं रान नि भावकी उजव्या काठाच्या शेवटाला. कालवा अर्ध्यावर थांबला तर दोन्ही पुढाऱ्यांची शेतं कोरडी.

बबिताच्या डोळ्यांपुढं मात्र शेतं नव्हती, कुलपं होती. दिवाळी झाली की दोन्ही काठांच्या निम्म्या घरांना कुलपं लागायची. माणसं कोयते घेऊन, पोरंबाळं ट्रॅक्टरवर टाकून उसाला जायची ती पार उन्हाळ्यात परत यायची. तिच्या बरोबर शाळेत बसणारी संगीता दर वर्षी जाताना तिला कोंबड्या सांभाळायला देऊन जायची. संगीताचं रान कालव्याच्या पहिल्या अर्ध्यात होतं. पाणी आलं असतं तर तिनं कोंबड्या स्वतःच सांभाळल्या असत्या.

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा निरोप न गाळता नवाच केला.

बापाला फोन लावून ती म्हणाली, "बप्पा, मामा काल बोलले. म्हणाले, माझ्या रानापर्यंत पाणी आलं न्हाई तरी चालंल, पण सभापतींच्या गावाचा हक्क जाऊ नये. दोन्ही काठांना अर्धं अर्धं काढा. सभापती मोठ्या मनाचे हायत, त्यांना पटंल."

सुग्रीवांचा मोठा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, "आश्रुबा असं म्हणाले?"

"व्हय."

"सोताच्या रानाला पाणी नको म्हणाले?"

"व्हय."

सुग्रीव म्हणाले, की मग मी काय त्यांच्यापेक्षा हलका हाय? माझ्याही वस्तीला नको. सांग त्यांना.

संध्याकाळी ओसरीवर तेच शब्द, नावं तेवढी बदलून, तिनं आश्रुबांना सांगितले. आश्रुबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, पुन्हा काढलं आणि त्यानं डोळे पुसले. म्हणाले, मी त्या माणसाला काय समजत होतो. आतून छबुबाईनं भांडं जोरात आपटलं, ते कशासाठी हे बबिताला कळलं पण त्यांना कळलं नाही. आतापर्यंत तिनं खडे वेचले होते, आता चक्क भाकरीच थापली होती.

सुनावणीच्या दिवशी शाळेचा व्हरांडा गच्च भरला. दोन्ही बाजूंनी सह्यांचे गठ्ठे तयार होते आणि माणसं भांडायच्या तयारीनं आली होती. सायली मॅडमनी विचारलं, की काय ठरलं. सुग्रीव उठले. म्हणाले, "आमच्या इवायांनी आधी मन मोठं केलं, म्हणून मी बी डाव्या काठाचा हट्ट सोडतो. दोन्ही काठांना निम्मं निम्मं. माझ्या वस्तीला पाणी न्हाई आलं तरी माझी तक्रार न्हाई."

आश्रुबा उठले. "आधी मी न्हाई. आधी इवाईच बोलले. मी फकस्त त्यांच्या मागं गेलो."

"न्हाई, आधी तुमी."

"छे, आधी तुमीच."

लोकांना वाटलं, काय ही थोर माणसं, मोठेपणासुद्धा एकमेकांना देतायत. सुग्रीवांच्या वस्तीवरच्या दोघा-तिघांनी कुरकुर सुरू केली होती, पण पुढारीच आपल्या शेताचं पाणी सोडतोय म्हटल्यावर त्यांना बोलायला जागा उरली नाही. सायली मॅडमनी सांगितलं, की वरच्या अर्ध्यात पाणी मुरलं तर खालच्या विहिरींनाही थोडंफार वाढतं, खात्री नाही पण बहुतेक वेळा वाढतं. तेवढ्यावर शेवटाची माणसं समाधानी झाली नाहीत, गप्प मात्र झाली. हात वर झाले. एकमत झालं. टाळ्या इतक्या वाजल्या की बबिता व्हरांड्याच्या खांबाआड जाऊन बसली.

तिथून तिला दोघे व्याही मैदानातून नदीकडं जाताना दिसले. "आधी तुमी", "आधी तुमी" चालूच होतं. पात्राच्या मधोमध ते थांबले. हातवारे थांबले. दोघेही वळले आणि शाळेकडं बघायला लागले. बबितानं ओळखलं की ते खांबाकडं बघतायत.

ते थेट छबुबाईच्या ओसरीवर आले. बबिता त्यांच्या आधी पोचली होती, कारण पळाली होती. सुग्रीव म्हणाले, "बबे, मी आधी बोललो न्हाई. ह्ये म्हणतेत ह्ये बी बोलले न्हाईत. मग बोललं कोण?"

बबिता म्हणाली, "मी."

मग आश्रुबांनी हळूच विचारलं, "आन् बैल?"

"कोणता बैल?" सुग्रीव म्हणाले.

ते एकदा निघाल्यावर सगळंच निघालं. मुंडी हलवणारा म्हातारा कोण होता, हे आश्रुबांना कळलं तेव्हा सुग्रीव जमिनीकडं बघत होते. शिडी नि चाळणी बाहेर आली. 'शांत' म्हणजे मुळात काय होतं तेही बाहेर आलं. बबितानं काही लपवलं नाही. फक्त शेवटी म्हणाली, "जसं सांगितलं तसंच पोचवायला पायजे होतं का? सांगा. अजून समदं माझ्या ध्यानात हाय. आत्ता पोचवते, दोघांच्या समोर."

दोन्ही पुढाऱ्यांनी एकदमच नको म्हटलं.

सुग्रीव रागानं लाल झाले होते खरे, पण राग करायचा कुणावर? दोन्ही काठांवर लोक त्यांचं नाव घेत होते. त्यांनी न केलेल्या त्यागावर आता फ्लेक्स लागणार होता, आणि तो कुठं लावायचा तेही ठरलं होतं. आश्रुबांनी बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग ते म्हणाले, "सुग्रीवराव, मला म्हातारा म्हणलात?"

"म्हणलो."

"तुमी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे हायत."

सुग्रीव म्हणाले, एकच. तिथून दोघांची जी जुंपली ती छबुबाईनं भाकरी वाढेपर्यंत. जन्मसाल, मुरमाड, उतार, बबिताच्या लग्नातला मानपानाचा रुसवा, सगळं उघड्यावर. अंगद जीप लावून आत आला तेव्हा दोघे व्याही समोरासमोर बसून मोठमोठ्यानं भांडत होते आणि एकाच ताटलीतला ठेचा खात होते. त्यानं बबिताला खुणेनंच विचारलं, की काय झालं. तिनं सांगितलं, की काही नाही, आता थेट बोलतायत.

दसऱ्यानंतर आखणीला सुरुवात झाली. सायली मॅडमना दोन्ही काठांच्या माणसांना समजावणारं कुणीतरी सोबत हवं होतं, आणि दोन्ही गावांनी एकच नाव दिलं. बबितानं आधी नाही म्हणून बघितलं. छबुबाईनं तिच्या हातातून पीठ काढून घेतलं आणि जा म्हणाली.

ती उजव्या काठानं चालत होती. दोन माणसं खुंट्या ठोकत होती, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ रानातून पुढं सरकत होती, आणि मॅडम दुर्बिणीला डोळा लावून उभ्या होत्या. एवढ्यात पलीकडच्या काठावरून सुग्रीवांचा आवाज नदीवरून आला, की खुंटी त्यांच्या बाजूला झुकली हाय, उजव्याला जास्त जातंय. उजव्या काठाच्या बाभळीखालून आश्रुबा ओरडले, की सभापतींना चष्मा पायजे. सुग्रीवांनी उलट विचारलं, की इतकं दिसतंय तर या इकडं. आश्रुबा खरंच पात्रात उतरले आणि तावातावानं पलीकडं निघाले.

सायली मॅडमनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि काळजीनं विचारलं, की यांना थांबवायचं का.

"राहू द्या मॅडम," बबिता म्हणाली. "पुढची खुंटी कुठं ठोकायची?"